चढाईपटूचा गुडघा

भाताची कापणी उरकली की भिवंडी तालुक्यातल्या गावांत कबड्डीचे सामने सुरू होतात. अंजूर, काल्हेर, पडघा, अंबाडी, कुठल्याही बाजूला जा, मोकळ्या शेतात दिव्यांचे खांब उभे राहतात, भोंग्यावरून खेळाडूंची नावे पुकारली जातात आणि सामने मध्यरात्रीपर्यंत चालतात. मग सोमवारी सकाळी आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीच्या रांगेत दोन-तीन मुले एक पाय ताठ ठेवून बाकावर बसलेली दिसतात. मी फिजिशियन आहे. ताप, मधुमेह, रक्तदाब, क्षय ही माझी रोजची कामे, गुडघा हा शेजारच्या खोलीतल्या अस्थिरोगतज्ज्ञांचा विषय. पण सरकारी रुग्णालयात रात्रीच्या ड्युटीवर दारात येईल तो रुग्ण आपला असतो. त्यामुळे गेली अनेक वर्षे हे गुडघे मी पाहत आलो आहे, आणि त्यांची हकीकत बहुतेक वेळा एकसारखीच असते.

मुलगा सांगतो, "चढाईला गेलो होतो, परत वळताना गुडघ्यात कट्कन आवाज आला." कुणी धक्का दिला का, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते, "नाही, माझाच पाय फिरला." तासा-दोन तासांत गुडघा भोपळ्यासारखा सुजतो. रात्री कुणीतरी तेल लावून चोळतो, सकाळी कुणीतरी शेक देतो, मग एक्स-रे निघतो. एक्स-रेत हाड शाबूत दिसते आणि सगळ्यांचा जीव भांड्यात पडतो. "फ्रॅक्चर नाही ना? मग काही नाही." इथेच बहुतेकांची वाट चुकते.

एक्स-रेत हाड दिसते, अस्थिबंध दिसत नाहीत. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना जोडणारे दोन जाड दोर एकमेकांना फुली मारून जातात. त्यातल्या पुढच्या दोराला डॉक्टर एसीएल म्हणतात. नडगी पुढे सरकू नये आणि शरीर वळताना गुडघा पिळवटून निसटू नये, हे त्याचे काम. सरळ रेषेत चालणाऱ्या, सायकल चालवणाऱ्या माणसाला हा दोर आहे की नाही हे कळतही नाही. पण धावता धावता थबकायचे, एका पायावर तोल घ्यायचा आणि उलट दिशेला झेप घ्यायची, हे ज्याला करायचे आहे त्याचा सगळा खेळ या बोटाएवढ्या दोरावर चालतो. चढाईपटू हेच करतो. वाकून, गुडघे दुमडून तो आत शिरतो, एक पाय रोवून दुसऱ्याने बोनस रेषेपलीकडे टोक लावतो, आणि तीस सेकंद संपायच्या आत मध्यरेषेकडे गर्रकन वळतो. पाय जमिनीत रुतलेला, अंग फिरलेले. तेवढ्यात एकाने घोटा धरला आणि दुसरा बाजूने मांडीवर कोसळला, तर बघायलाच नको.

त्यात आता मॅट आली आहे. मातीवर अनवाणी पाय थोडा घसरतो, ती घसरण गुडघ्याला वाचवते. मॅटवर बूट घट्ट धरून ठेवतात. पाय जितका घट्ट बसतो तितका पिळा वर गुडघ्यापर्यंत पोहोचतो. आमच्याकडची मुले वर्षभर मातीवर सराव करतात आणि मोठ्या स्पर्धेत एकदम मॅटवर उतरतात, याची मला जास्त काळजी वाटते.

वळताना दुखापत होऊन दोन तासांच्या आत गुडघा सुजला, तर ती सूज साध्या पाण्याची नसते. आत रक्त साचलेले असते. अशा गुडघ्यांपैकी दहातल्या साधारण सातांमध्ये एसीएल फाटलेला सापडतो. तपासायला सुरुवातीला एमआरआयही लागत नाही. अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञ गुडघा किंचित वाकवून, एका हाताने मांडी धरून दुसऱ्याने नडगी पुढे ओढून पाहतात, आणि दोर शाबूत आहे का ते त्यांच्या बोटांना कळते. पहिल्या दिवशी दुखण्यामुळे स्नायू आवळलेले असतात, म्हणून दहा-बारा दिवसांनी पुन्हा तपासावे लागते. आणि हीच फेरी चुकते. दोन-तीन आठवड्यांत सूज उतरते, चालता येते, जिना चढता येतो. मुलाला वाटते, बरा झालो.

चढाईपटूला आणि त्याच्या गुडघ्याला किती मोल असते, हे प्रो कबड्डीने घराघरांत पोहोचवले. कोल्हापूर जिल्ह्यातल्या चंदगड तालुक्यातून आलेल्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुंबाने साडेछत्तीस लाखांच्या आसपास घेतले. त्या एका हंगामात त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण कमावले आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी एक कोटी पंचेचाळीस लाख मोजले. पुढे एका हंगामात खांद्याच्या दुखापतीने तो मोजक्या सामन्यांनंतर बाहेर बसला. दुसरा, नगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता. १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला त्याच्या नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. योगायोग असा की त्या वेळी हरियाणाच्या संघात सिद्धार्थ होता. त्याच वर्षी पुढचा हंगाम सुरू झाला आणि गुडघ्याच्या दुखापतीने अस्लमला उरलेले सामने सोडावे लागले. गतविजेत्या संघाचा कर्णधार, ऐन भरातला खेळाडू, हंगाम अर्धवट सोडून बसला. २०२५ च्या हंगामात तो परतला आणि पुणेरी पलटण पुन्हा अंतिम सामन्यापर्यंत गेली. दोन हंगामांच्या मधले जे महिने टीव्हीवर दिसत नाहीत, त्यांविषयी आमच्या मुलांना कुणी काही सांगत नाही.

या महिन्यांचे मोल कळायला आणखी एक खेळ उपयोगी पडतो, अमेरिकन फुटबॉल. त्यातला 'रनिंग बॅक' हा आपल्या चढाईपटूचा लांबचा भाऊ. त्याच्या हातात चेंडू देतात आणि समोरच्या अकरा जणांच्या भिंतीत फट शोधून पुढे घुसायला सांगतात. वळणे, हुलकावणी देणे, पकड चुकवणे, शेवटी दोन-तीन जणांच्या अंगाखाली सापडणे, सगळे ओळखीचे. त्या खेळातल्या खेळाडूंच्या संघटनेचा वारंवार दिला जाणारा आकडा असा की रनिंग बॅकची व्यावसायिक कारकीर्द सरासरी तीन वर्षेही टिकत नाही.

टेरेल डेव्हिस हा डेन्व्हर ब्राँकोस संघाचा रनिंग बॅक. १९९५ मध्ये खेळाडू निवडताना सहाव्या फेरीत, तब्बल १९६ व्या क्रमांकावर त्याचे नाव आले, म्हणजे जवळजवळ उरल्यासुरल्यांत. पहिल्या चार हंगामांत त्याने ६४१३ यार्ड कमावले. १९९८ चा हंगाम तर विक्रमी. ३९२ वेळा चेंडू घेऊन धावत त्याने २००८ यार्डांची मजल मारली आणि लीगमधला सर्वोत्तम खेळाडू ठरला. २००८ यार्ड म्हणजे दोन किलोमीटरही नाहीत. आपण सकाळी फिरायला जातो तेव्हा यापेक्षा जास्त चालतो. पण त्याच्या दर पाच पावलांमागे कुणीतरी शंभर किलोचा माणूस अंगावर येत होता.

३ ऑक्टोबर १९९९ रोजी, चेंडू हिसकावून पळणाऱ्या प्रतिस्पर्ध्याला अडवायला धावताना त्याच्या उजव्या गुडघ्याचे दोन अस्थिबंध फाटले, त्यातला एक एसीएल. डॉक्टर उत्तम, पैसा भरपूर, व्यायाम करून घेणारे चोवीस तास हाताशी. तरीही पुढच्या दोन हंगामांतल्या बत्तीस सामन्यांपैकी तो तेराच खेळू शकला. सात हंगामांची त्याची एकूण मजल ७६०७ यार्ड. म्हणजे शेवटच्या तीन हंगामांच्या वाट्याला बाराशेसुद्धा आले नाहीत. २००२ च्या ऑगस्टमध्ये तो थांबला, तेव्हा तिशी पूर्ण व्हायची होती. इतकी छोटी कारकीर्द थोरांच्या दालनात बसते की नाही, यावर तिथे बरीच वर्षे खल झाला. २०१७ मध्ये त्याला ते स्थान मिळाले.

डेव्हिसची आणखी एक गोष्ट फिजिशियन म्हणून मला जास्त लक्षात राहिली आहे. त्याला लहानपणापासून अर्धशिशी. २५ जानेवारी १९९८ च्या अंतिम सामन्यात पहिल्या सत्राच्या शेवटी त्याला झटका आला आणि डोळ्यांपुढे दिसेनासे झाले. त्याने प्रशिक्षकांना तसे सांगितले. प्रशिक्षकांनी त्याला एका डावापुरते तरीही मैदानात उभे केले, कारण तो दिसला की समोरचे त्याच्याकडे धावणार आणि चेंडू दुसरीकडून नेता येणार. डाव यशस्वी झाला. नंतर तो बाहेर बसला, औषध लागू पडल्यावर परतला, १५७ यार्ड धावला आणि सामन्याचा मानकरी ठरला. तिकडे ही शौर्यकथा म्हणून सांगतात. मला ती वाचताना आमच्या गावांतल्या सामन्यांत कर्णधार म्हणतो ते आठवते, "तू फक्त मध्ये उभा राहा, चढाई नको करू." दिसत नसताना किंवा गुडघा बांधून उभा राहणारा खेळाडू जिंकला की त्याची गोष्ट होते. जो त्या रात्री कायमचा अधू झाला, त्याची गोष्ट होत नाही.

आता ते न दिसणारे महिने. फाटलेला एसीएल बहुतेक वेळा आपोआप पूर्वीसारखा जुळत नाही. गुडघ्यातल्या द्रवात त्याची दोन टोके एकमेकांना नीट भेटतच नाहीत. शस्त्रक्रियेत तो शिवतही नाहीत, त्याच्या जागी रुग्णाच्याच मांडीमागच्या किंवा वाटीखालच्या स्नायुबंधाची पट्टी काढून नवा दोर बसवतात. बसवला त्या दिवशी हा दोर मजबूत असतो, नंतर तो कमजोर होतो. हे रुग्णाला पटवणे सर्वांत कठीण. मूळ जागेवरून काढलेल्या त्या पट्टीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात, जुने धागे विरघळतात, नवे विणले जातात. या विणकामाच्या काळात, पहिल्या काही महिन्यांत, दोर सर्वांत नाजूक असतो. आणि नेमके तेव्हाच दुखणे थांबलेले असते, सूज नसते, मुलगा धावू शकतो. यंत्रमागाच्या गावाला सांगायचे तर ताणा लावला म्हणजे कापड झाले नाही.

नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नऊ महिन्यांपर्यंत प्रत्येक महिना जास्त थांबल्यास गुडघ्याला पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळपास निम्म्याने घटते, असे आढळले. एवढे सगळे नीट करूनही शस्त्रक्रियेनंतर स्पर्धात्मक खेळात परतणारे साधारण निम्मेच असतात. मुले मला मोबाइलवर एड्रियन पीटरसनसारख्यांचे व्हिडिओ दाखवतात. त्याचा गुडघा डिसेंबर २०११ मध्ये फाटला, सप्टेंबर २०१२ मध्ये तो खेळला आणि त्या हंगामात २०९७ यार्ड धावला. खरे आहे. फ्रँक गोरचे दोन्ही गुडघे कॉलेजात असतानाच फाटले होते, तरी तो सोळा हंगाम खेळला. हेही खरे. अशी नावे आपल्याला पाठ असतात, कारण ती विरळा आहेत.

प्रत्येक फाटलेल्या एसीएलला शस्त्रक्रिया लागते, असेही नाही. स्वीडनमध्ये १२१ तरुणांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधी शिस्तीने व्यायाम आणि गरज भासली तरच शस्त्रक्रिया, अशा गटातल्या जवळजवळ निम्म्यांना पाच वर्षांनंतरही शस्त्रक्रिया लागली नव्हती. ज्याला पुन्हा चढाई करायची आहे त्याला बहुधा ती लागेल. ज्याला कामावर जायचे आहे आणि खेळ सोडायची तयारी आहे, तो तीन महिने नेटाने व्यायाम करून मग ठरवू शकतो. गादी फाटून गुडघा अडकला असेल, सरळच होत नसेल, तर मात्र थांबू नये. आणि दुखापतीनंतर पाऊल थंड किंवा बधिर पडले असेल तर सकाळची वाट न बघता त्याच रात्री मोठे रुग्णालय गाठावे. तिथे प्रश्न पाय वाचवण्याचा असतो.

आमच्याकडे नेमके काय होते? मुलगा महिन्याभराने, गुडघ्याला पट्टा बांधून, पुन्हा चढाईला जातो. सरळ धावताना काही होत नाही. वळला की गुडघा सटकतो. दोन दिवस सूज, मग पुन्हा सामना, पुन्हा सटकतो. दर वेळी दोन हाडांमधली अर्धचंद्राकृती गादी थोडी चिरडते, हाडावरचे गुळगुळीत आवरण खरवडते. अशा दुखापतीनंतर दहा ते वीस वर्षांत सुमारे निम्म्या लोकांच्या गुडघ्यांची झीज सुरू झालेली असते. विसाव्या वर्षी दुखापत झालेल्याला पस्तिशीत साठीचा गुडघा मिळतो. अमेरिकेतल्या खेळाडूजवळ निदान तोवर साठवलेला पैसा असतो. आमचा चढाईपटू दिवसा राहनाळ-पूर्ण्याच्या गोदामांत पेट्या उचलतो किंवा मागावर बारा तास उभा असतो. पेटी खांद्यावर घेऊन ट्रकमधून उतरताना गुडघा सटकला की ठेकेदार दुसऱ्या दिवशी दुसरा माणूस बोलावतो. कबड्डी गेली याचे दुःख वेगळे, पण घर चालते ते त्या पेट्यांवर.

म्हणून गावोगावच्या मंडळांना माझे सांगणे थोडक्यात असे. आवाज आला, सूज आली, की तो सामना त्या खेळाडूसाठी संपला. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवावा, क्रेप बँडेज बांधावे, पाय उशीवर उंच ठेवावा. चोळणे, ओढणे, 'बसवणे' आणि शेक हे पहिल्या दिवसांत अजिबात नको. गावात ज्याच्या हाताला यश आहे असे म्हणतात, त्याच्याकडेही नको. आणि दुखणे थांबवणारे इंजेक्शन घेऊन पुढचा सामना खेळणे, हा प्रकार तर माझ्या खात्यात येतो. घामाने शरीर कोरडे पडलेले, पाणी कमी प्यायलेले, अशा वेळी डायक्लोफेनॅकसारखी औषधे मूत्रपिंडावर घाव घालू शकतात. गुडघ्याची तक्रार घेऊन आलेल्या तरुणाचे क्रिएटिनिन वाढलेले पाहणे मला नको असते.

शस्त्रक्रियेची वेळ आली तर खर्चाच्या भीतीने परत जाऊ नका. महात्मा फुले जनआरोग्य योजनेचे आरोग्यमित्र योजनेतल्या रुग्णालयांत बसलेले असतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना आधी विचारा, कुठे काय बसते ते तेच सांगतील.

दुखापत टाळण्याविषयी बोलताना एक गोष्ट मला नेहमी खटकते. मंडळे बक्षिसांवर लाखभर खर्च करतात, पण अंग तापवायला पंधरा मिनिटे देत नाहीत. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने '११+' नावाचा वीस मिनिटांचा व्यायाम बसवला आहे. हळू धावणे, एका पायावर तोल, मांडीमागच्या स्नायूंचे व्यायाम, उडी मारून गुडघे आत न वळवता जमिनीवर येणे. त्याला साहित्य लागत नाही, पैसे लागत नाहीत. अशा प्रकारचे व्यायाम नियमित केलेल्या संघांत एसीएल फाटण्याचे प्रमाण जवळपास अर्ध्यावर आलेले दिसते. आता गावांत मुलींचेही संघ उभे राहत आहेत, हे पाहून आनंद होतो. त्यांच्या प्रशिक्षकांनी तर हा व्यायाम चुकवूच नये. वळणाऱ्या-उड्यांच्या खेळांत मुलींचा एसीएल मुलांपेक्षा अधिक सहज फाटतो.

परत मैदानात कधी उतरायचे, हे दिनदर्शिका एकटी ठरवत नाही. नऊ महिने झाल्यावरही एक साधी चाचणी घेतात. जमिनीवर खडूने रेघ मारायची, आधी चांगल्या पायाने लंगडी घालून एक लांब उडी, मग दुखऱ्या पायाने, आणि टेपने दोन्ही अंतरे मोजायची. दुखऱ्या पायाची उडी चांगल्याच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आलेली हवी. मांडीच्या ताकदीचाही हिशेब असाच. म्हणजे चांगल्या पायाने दीड मीटर जात असेल, तर दुखऱ्याने एक मीटर पस्तीस सेंटीमीटर. त्याखाली असेल तर आणखी एक महिना व्यायाम, आणि मग पुन्हा त्याच रेघेवरून उडी.